शेपटीत भरलेले बटाटे

मित्रांनो, मी मोटारीमागे धावणारं घर, एक म्हातारी कॅरॅव्हॅन. प्लायवूड आणि पत्र्यातून माझा जन्म झाला. दोन चाकं, चार खिडक्या आणि मोटारीच्या आकड्यात अडकवायला पुढे लोखंडी मान. पहिल्या उन्हाळ्यात सगळी गल्ली मला बघायला आली होती. पुढे अकरा वर्षं मी कोठारात पडून होते. कोंबड्या माझ्यात अंडी घालत.

मग माझ्या मालकाने, रादोव्हानने, मला घासलं, रंगवलं. त्याची आई झ्दिस्लावा सत्तरीची झाली होती आणि तिने समुद्र कधीच पाहिला नव्हता. क्रोएशियाला जायचं ठरलं.

आम्ही चेक लोक समुद्रावर निघालो, की निम्मं घर सोबत घेतो. पोतंभर बटाटे, मांसाचे चाळीस डबे, काकड्यांच्या बरण्या, बिअरचे तीन क्रेट. माझं स्वयंपाकघर अगदी मागच्या टोकाला, शेपटीत, म्हणून सगळं तिथेच कोंबलं.

“तिकडे बटाटे मिळत नाहीत का रे?” आईने विचारलं.

“मिळतात गं. पण ते आपले नसतात ना!”

ऑस्ट्रियातल्या लांब उतारावर मला कापरं भरलं. त्याचं कारण साधं आहे. चाकांच्या मागे भार जास्त झाला, की माझी मान वर उचलली जाते. आकड्यावर तिचं वजन पडलं नाही, की शेपूट झुलते आणि वेगाबरोबर झोका वाढत जातो. शेजारून एक ट्रक गेला आणि मी अर्धा रस्ता झाडू लागले.

“जोरात ब्रेक मारू नकोस! ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ, स्टिअरिंग सरळ धर!” आई ओरडली.

हळूहळू झोका थांबला. रादोव्हानने गाडी बाजूला घेतली.

“आई, परत जाऊ या. म्हातारी झालीय.”

“कोण? मी?”

“ही गं, कॅरॅव्हॅन!”

“तिला काही झालेलं नाही. भरणारा गाढव आहे. तीस वर्षं ट्रॅक्टरने बिटाच्या ट्रॉल्या ओढल्यात मी. उतरव सगळं!”

जड सामान तिने खाली, चाकांच्या किंचित पुढे ठेवून पट्ट्याने आवळलं. कपडे आणि उशा वरच्या कपाटात गेल्या. निम्मं घर सोबत असल्यामुळे वजनकाटाही होता. काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर माझी मान टेकवली.

“साठ किलो. आकड्याला पंचाहत्तर चालतात,” रादोव्हान म्हणाला.

“माझ्याहून बारीक आहे की! चल आता.”

पुढचा सगळा रस्ता मी सुतासारखी सरळ धावले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई पायमोज्यांसकट समुद्रात शिरली.

“रादोव्हान, खरंच खारट आहे रे!” ती पोरीसारखी ओरडत होती.

मित्रांनो, झोका आम्हाला आधी कळतो, पण सांगता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी एकदा मागे या आणि आमची मान तोलून बघा. आमच्या पोटात नुसते बटाटे असतात, पण पुढे मोटारीत कुणाची तरी आई बसलेली असते.