सावलीतलं काम

बैलाची साखळी दोन वर्षं शालूच्या पायात होती आणि ती बांधणारी तिची सख्खी आई, मैनाच होती. न बांधावं तर कानात कोणीतरी बोलतं म्हणून पोरगी विहिरीकडे धावायची. मैना तरी काय करणार बिचारी! पण १९५९च्या उन्हाळ्यात अकोल्याच्या डॉक्टरांनी नव्यानेच निघालेल्या गोळ्या दिल्या आणि दिवाळीपर्यंत शालू आपली वेणी आपण घालू लागली. मैनाने साखळी खुंटीला टांगली.

मग कापसाची वेचणी निघाली. बार्शीटाकळीजवळ कौशल्याबाईंच्या वावरात मायलेकी कामाला लागल्या. पहिल्या दिवशी सीतादही झाली. बायांनी पऱ्हाटीला, कापसाच्या झाडाला, हळदीकुंकू वाहून दहीभात ठेवला. बुद्धाची दीक्षा घेतलेल्या मैनाने हात जोडले नाहीत, लेकीलाही जोडू दिले नाहीत. तिसऱ्या दिवशी शालूचं तोंड लालभडक झालं, हातांवर फोड आले.

"देव सोडले अन् डाक्टरच्या गोयीले पुजता," कौशल्याबाई म्हणाल्या. "आता भोगा सीतामायचा कोप!"

दीक्षेच्या वेळी मैनाने देव सोडले होते खरे. पण पिढ्यांची भीती काही तीन वर्षांत जात नाही. तिने गुपचूप पऱ्हाटीपुढे माथा टेकला आणि गोळ्या बंद केल्या. फोड सुकले, तसं तिला हायसं वाटलं.

गोळ्या सुटल्याच्या पंधराव्या दिवशी शालू स्वतःच साखळी काढून घेऊन आली. खांबापाशी बसून तिने पाय पुढे केला.

"माय, बांध मले. ते पुन्हा बोलून राहिले."

साखळी तिथेच टाकून मैनाने लेकीला अकोल्याला नेलं आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"ही गोळी घेताना काहींना ऊन सोसत नाही, कातडी भाजते," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काय काम करता, हे मी विचारायला हवं होतं. गोळी चालू ठेवा. उन्हात मात्र पाठवू नका."

"आमाले सावलीतलं काम कोन देते, साहेब?"

डॉक्टरांनी महिन्याभराच्या गोळ्या मोजून पुडीत बांधल्या.

गोळ्या पुन्हा लागू पडल्या, तेव्हा वेचणी अजून उरली होती. मैनाने शालूला वावराच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या निंबाखाली कापसातला काडीकचरा निवडायला बसवलं आणि तिच्या वाटची ओळही आपणच वेचायला घेतली.

"काहून वं मैना, सीतामायनं सोडलं नाही वाटते अजून?" कौशल्याबाईंनी हटकलं.

मैना ताठ उभी राहिली. सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सीतामायनं काई नाही केलं, बाई. गोयी मी बंद केली. पोरीले मीच पुन्हा बिमार पाडलं."

मैना खाली वाकली. दिवस कलेपर्यंत ती मधूनमधून मान वर करून निंबाची सावली कुठवर गेली ते पाहत होती आणि हाक मारत होती, "शालू, सरक वं माय!"