प्रिन्सला काय म्हणायचं

बुओना व्हिस्टाच्या आमच्या सिंगापुरी कॉन्डोत, फंक्शन रूममध्ये, मी दर रविवारी मराठी पोरांना व्हायोलिन शिकवते. शिकवते कसली, डोकं फोडून घेते. त्या दिवशी हायडन या जुन्या युरोपियन संगीतकाराची ओळख करून देत होते.

"हायडन ज्याच्या पदरी होता, त्या प्रिन्सने वादकांना आपल्या लांबच्या महालात अडकवून ठेवलं. बायकापोरं तिकडे गावी. सुट्टी मागायची कोणी? मग हायडनने सिंफनीच लिहिली. शेवटी एकेक वादक उठतो, आपली मेणबत्ती मालवतो आणि निघून जातो. प्रिन्सला न बोलता कळलं."

"स्मार्ट लाह," मुकुल इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाला.

ऋता नुसती गजाला राळ घासत होती. तिचा बाबा अनीश जहाजावर इंजिनिअर. अजून महिनाभर राहणार होता, पण कंपनीचं बोलावणं आलं आणि उद्या पहाटे तो निघणार होता. तेव्हापासून तिने त्याच्याशी अबोला धरलेला. दरवेळी तो निघाला की ही डोक्यावरून पांघरूण ओढून झोपेचं सोंग घेते, हे त्यानेच मला सांगितलं होतं. आज तिला न्यायला तो लवकर आला, म्हणून मी त्यालाच प्रिन्स करून समोर बसवलं.

मेणबत्त्यांऐवजी मोबाइलचे टॉर्च होते. सोपा करून दिलेला शेवटचा भाग सुरू झाला. मुकुल टॉर्च बंद करून उठला आणि अनीशला म्हणाला, "जातो, अंकल."

"जातो म्हणू नये रे," मी सवयीने दटावलं. "येतो म्हणावं."

ऋता वाजवायची थांबली. "नाही मावशी. तो प्रिन्स आहे. त्याच्याकडे परत कशाला यायचं? त्याला जातोच म्हणायचं. येतो फक्त घरच्यांना."

इतकी वर्षं मी हे वाजवते आहे, पण एवढी साधी गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं, पण हातात व्हायोलिन होतं. म्हटलं, "बरं, वाजव पुढे."

एकेक करून सगळी बाहेर गेली. शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात, तिचं आणि माझं. आम्ही अगदी हळू वाजवत संपवलं. तिने टॉर्च बंद केला, पण गेली नाही. बाबासमोर जाऊन उभी राहिली.

"तू निघताना येतो म्हणतोस?"

"दरवेळी," अनीश म्हणाला. "तुझ्या पांघरुणाला."

ती खाली मान घालून गजाचा स्क्रू सैल करत राहिली.

"उद्या मला उठव," ती म्हणाली. "मला म्हण."