उलटी चढलेली मोटार

घड्याळजींनी मोटार घेतली तेव्हा गल्लीने कपाळाला हात लावला. ज्या माणसाने उभा जन्म डोळ्याला भिंग लावून टाचणीच्या टोकाएवढे स्क्रू फिरवले, तो आता हे धूड हाकणार? "काका, ही खिशात मावायची नाही हं!" पोस्टमन तोंडावर म्हणाला. घड्याळजींनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. लोकांचं काय घेऊन बसलात, त्यांच्या जिभेला पेट्रोल थोडंच लागतं!

मोटार घेण्यामागचं कारण घरातच होतं. घड्याळजींच्या बायकोची, म्हणजे काकूंची थोरली बहीण, ताई, समोरच्या टेकडीवर राहायची. मध्ये एकच चढ, पण असा उभा, की तरण्याताठ्यालाही धाप लागावी. काकूंच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता आणि ताई कंबर धरून बसली होती. घोडागाडीत बसून पाहिलं, तर धक्क्यांनी काकूंचा जीव अर्धा झाला, मग तोही नाद सोडला. आता दोघी बहिणी सकाळी आपापल्या गच्चीवर येऊन एकमेकींना टॉवेल हलवून दाखवायच्या. गप्पा म्हणाल तर तेवढ्याच. एका सकाळी काकू टॉवेल हलवून खाली आल्या आणि तो टॉवेल तसाच खांद्यावर ठेवून दूध तापवायला लागल्या. घड्याळजींनी ते पाहिलं. त्यांनी त्याच आठवड्यात मोटार घेतली.

आणि काय ती मोटारीची बडदास्त! चाकाची एकेक काडी फडक्याने पुसायची. रेडिएटरमधलं पाणी गाळून घालायचं. निघण्याआधी मोटारीभोवती एक फेरी मारायची, टायर दाबून बघायचे, ब्रेक दाबून बघायचा. इंजिन सुरू करायचं हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट गेलंच म्हणून समजा. कोपरा आला की भोंगा, कोंबडी दिसली की भोंगा, आणि काहीच नसलं तरी सवय राहावी म्हणून भोंगा. शिवाय घरच्यांसाठी कडक नियम होता: चालवणाऱ्याशी बोलायचं नाही. घरचे म्हणजे एकट्या काकू.

शेवटी ताईकडे जायचा दिवस उजाडला. निरोप आधीच गेला होता. ताईचे यजमान बेकरीवाले, म्हणजे घड्याळजींचे साडू. जिभेने भारी तिखट! त्यांनी उलट निरोप धाडला, "ढकलायला माणसं तयार ठेवू का?" तो ऐकून घड्याळजी दिवसभर नाक फेंदारून फिरले.

काकू मागच्या सीटवर बसल्या. नवी चप्पल, मांडीवर ताईसाठी विणलेली शाल. घड्याळजींनी फेरी मारली, टायर दाबले, हँडल मारलं. मोटार फुरफुरली आणि निघाली. गाव मागे पडलं, चढ लागला. पहिलं वळण झोकात गेलं. तिथे रस्त्याला चांगली ऐसपैस सपाट जागा होती. त्याच्या वर चढ खरा उभा झाला, आणि मोटारीने खोकून खोकून मान टाकली.

घड्याळजींनी ब्रेक धरून तिला हळूहळू मागे, वळणावरच्या सपाटीवर आणलं. हँडल मारलं, तर पहिल्या झटक्याला सुरू! पुन्हा वर घेतली, पुन्हा खोकला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तेच. सपाटीवर शहाणी आणि चढावर अडेलतट्टू.

आता घड्याळजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खाली उतरून ते मोटारीकडे बघत उभे राहिले आणि सगळा उलगडा झाला. पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या सीटखाली, इंजिन पुढे. पेट्रोल आपलंआपण उताराने इंजिनात जाणार. चढावर मोटारीचं नाक वर झालं, की इंजिनही टाकीच्या वर. टाकी गच्च भरलेली असती तरी निभावलं असतं. पण ती भरलेली नव्हती, आणि ती न भरण्याचं पुण्यकर्म कुणाचं? खुद्द घड्याळजींचं! घड्याळात तेल एक थेंब घालावं, दोन घातले की घड्याळ बसलंच, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. तोच हिशेब त्यांनी मोटारीला लावला होता. पेट्रोल बेताचंच घातलेलं बरं, उगीच यंत्राला अजीर्ण नको. पाण्याचे दोन डबे बरोबर घेतले होते. पेट्रोलचा एकही नाही.

उपायही त्यांना कळला होता. मोटार फिरवायची आणि उलट्या गिअरला पाठमोरी वर न्यायची, म्हणजे इंजिन खाली, टाकी वर. सोपं. पण पाठमोरं जायचं कुणाच्या दारात? साडूच्या! तो बेकरीवाला येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला पावाबरोबर ही गोष्ट फुकट देईल. छे! त्यापेक्षा मोटार बिघडली म्हणावं आणि सरळ घरी जावं. घड्याळजींनी इंजिनावरचं झाकण उघडलं आणि काही नसलेल्या ठिकाणी उगीच फडकं फिरवत बसले.

काकू बराच वेळ नियम पाळून गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, मोटार बंद आहे, आता बोललं तर चालेल ना?"

"बोल."

"नाही जमत तर राहू द्या. जाऊ परत. इथून ताईची खिडकी किती जवळ दिसतेय बघा. एवढं तरी दिसलं." आणि त्यांनी मांडीवरची शाल घडी घालून पिशवीत ठेवली.

ती घडी बघून घड्याळजींना स्वतःची लाज वाटली. चांगलीच वाटली. आपलं नाक वर राहावं म्हणून हिला अर्ध्या वाटेवरून परत न्यायची? त्यांनी धाडकन झाकण लावलं.

"जमत कसं नाही! पण मोटार उलटी न्यावी लागेल. माझी मान तुला ठाऊक आहे." भिंगावर वाकून वाकून त्यांच्या मानेचं बिजागर पार गंजलं होतं, मागे वळायचीच नाही. "मागचं मला काही दिसणार नाही. तू मागे तोंड करून बस आणि सांगत राहा. न थांबता सांगत राहा."

"म्हणजे नियम मोडायचा?"

"मोड. माझ्या देखत मोड!"

काकू सीटवर मागे तोंड करून बसल्या, सीटची पाठ हातांनी घट्ट धरून. मोटार फिरली आणि शेपटीकडून चढ चढायला लागली. खोकला नाही, कुरकुर नाही, काही नाही.

"डावीकडे घ्या. अहो, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे! हां. आता सरळ. हळू, गटार आहे. भोंगा वाजवा, म्हातारबुवा येतायत. नमस्कार हो, बाजूला व्हा जरा! सरळ, सरळ. बाई गं, काय सुरेख जाते ही! अहो, ताईची भिंत दिसली! ताई दारात उभी आहे! काठी घेऊन उभी आहे! चला, चला, थांबू नका!"

घड्याळजींना फक्त खाली जाणारं गाव दिसत होतं आणि मागून हा आवाज ऐकू येत होता. इतकं बोलताना त्यांनी काकूंना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. रस्ता कुठे संपूच नये असं त्यांना वाटायला लागलं.

"थांबा!"

मोटार थांबली. मागचं दार उघडलं. मग काठी पडल्याचा आवाज, आणि दोन म्हाताऱ्या एकदम बोलायला लागल्या, एकदम रडायला लागल्या आणि एकदम हसायला लागल्या. कोण काय म्हणतंय, पत्ता लागेना. मोटारीचं नाक उताराकडे होतं. चाकांना दगड लागल्याशिवाय ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, हा घड्याळजींचा सगळ्यात पक्का नियम. तेव्हा बिचारे पाय रोवून बसून राहिले.

"अगं, कुणी पुढच्या चाकांना दगड लावेल का?" त्यांनी दोनदा हाक मारली. बहिणींना कुठलं ऐकू यायला!

शेवटी बेकरीवाले पिठाचे हात झटकत आले. त्यांनी दगड लावले, खिडकीशी वाकले, आणि त्यांचं पोट हसून हसून गदगदायला लागलं.

"काय हो साडूभाऊ, मोटार उलटी? पाठ दाखवत आलात आमच्या दारात?"

चढ चढताना घड्याळजींनी याचं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. टाकी कुठे, इंजिन कुठे, सगळं बैजवार. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून काकूंचं हसणं पुन्हा ऐकू आलं आणि ते पाठांतर कुठल्या कुठे उडालं.

"हो, मुद्दाम आणली," ते म्हणाले. "आज हिला पुढे घालून आणायचं होतं."

बेकरीवाल्यांचं हसू ओठातच राहिलं. पलीकडून ताईचा खणखणीत आवाज आला, "ऐकलंत का हो? शिका जरा!"