संदूकवालीची टकटक

आधीच सांगून टाकते, मी विनोदी बाई नाही. घरात कुणालाही विचारा. चहा गार झाला तरी माझं डोकं फिरतं. पण बाजारात गेले की भाजीवाला तराजूच्या पारड्यावर टकटक करतो आणि ओरडतो, "कोण आहे आत?" मग आजूबाजूचे सगळे खदाखदा हसतात. मीही हसते. न हसून सांगते कुणाला!

आमच्या नाटक कंपनीचं एक जुनं प्रहसन आहे. एक कंजूष म्हातारा आणि त्याची मोलकरीण. म्हातारा येतोय असं दिसताच ती त्याच्याच संदुकीत लपते आणि म्हातारा नेमका येऊन त्याच संदुकीवर बसतो. तो स्वतःशी बडबडतो, ती आतून उत्तरं देते आणि त्या येड्याला वाटतं आपलं मनच बोलतंय. शेवटी झाकण उघडतं, ती टुणकन उभी राहून एक वाक्य टाकते आणि पडदा पडतो. म्हातारा म्हणजे आमचे हे. कंपनीही यांचीच. मोलकरीण मी, लग्न होऊन आले तेव्हापासून.

मुळात ही लोककथा. माझी आई सांगायची ती. पण आईच्या गोष्टीत मोलकरीण बाहेर येतच नाही. घरातले सगळे लग्नाला निघून जातात, संदूक बंदच राहते आणि पुढे कधीतरी उघडतात तेव्हा आत नुसती एक वाळकी वेणी असते. ऐकताना मी आईच्या कुशीत शिरायचे. नाटकवाल्यांनी तिला बाहेर काढलं आणि लोक हसायला लागले. गोष्ट तीच, फरक काय तो झाकणाचा.

आता माझे गुडघे गेलेत. पण गुडघ्यांचं एक वेळ सोसलं असतं. अलीकडे झाकण पडलं की माझा जीव घाबराघुबरा होतो. दर हंगाम संपला की मी यांना म्हणते, "अहो, सोडवा आता मला. एखादी नवी पोरगी घ्या."

"पुढच्या हंगामात बघू," हे गालात हसत म्हणतात. "लोक तुझ्यासाठी येतात गं. मला कोण विचारतंय?"

हे वाईट नाहीत हो. वाईट असते तर मी कधीच भांडून निघून गेले असते. गोड माणसाच्या तावडीतून सुटणं महाकठीण.

संदुकीची रचना सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हे वर बसतात तेव्हा झाकण हलू नये म्हणून आधी बाहेरून कडी घालतात. मागची फळी मात्र सरकते. त्या फटीतून हवा येते आणि म्हाताऱ्याचं लांबलचक भाषण चालू असलं की मी मागून रांगत बाहेर पडून पाणीही पिऊन येते. शिवाय सुरुवातीला आमची एक खूण ठरली होती. आतून तीन वेळा टकटक म्हणजे खरोखरचं संकट, नाटक थांबवा.

एकदा आत पाल निघाली. मी तीनदा टकटक केलं. यांना काही सुचेना, तेव्हा हे बावळटासारखे म्हणाले, "कोण आहे आत?" आणि थिएटर असं काही हसलं की यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पालीसकट आत, आणि बाहेर टाळ्या! रात्री जेवताना हे म्हणाले, "ठेवू या हे." ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात टकटक आणि प्रत्येक प्रयोगात हशा. संकटाची खूण विनोदात गेली आणि तिच्याऐवजी दुसरी खूण ठरवावी हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

परवा दुपारच्या खेळाला मी आत शिरले. झाकण पडलं, कडी बसली, हे वर धपकन बसले. मी फळीला हात लावला. फळी हलेना. आधीच्या प्रयोगात संदूक घसरली होती म्हणून सुतारानं मागे एक पट्टी ठोकून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की आत हवा नाही.

मी टकटक केलं. हशा. पुन्हा केलं, जोरात. आणखी हशा.

"अहो, उघडा! खरंच उघडा!" मी ओरडले.

"अरे माझ्या मना," हे वरून म्हणाले, "आज तू फारच किंचाळतोस!" लोक लोटपोट झाले. पुढच्या रांगेत आमचे नेहमीचे प्राध्यापक होते, सौंदर्यशास्त्र शिकवतात. त्यांचं घोगरं हसणं मला वेगळं ऐकू येत होतं.

मी लाथा मारल्या. मी रडले. यांना नाव घेऊन हाक मारली, जन्मात मारली नव्हती. त्याला तर टाळ्या पडल्या. घामानं डोळे चुरचुरत होते आणि मला आईची ती वाळकी वेणी दिसत होती. मी मरणार आणि लोक पोट धरून हसणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग मी गप्प बसले. ठरवून नव्हे, हवाच संपत आली होती. यांनी वाक्य टाकलं, माझं उत्तर नाही. यांनी तेच वाक्य पुन्हा टाकलं. मी आयुष्यात एकही उत्तर चुकवलेलं नाही, तापानं फणफणलेली असतानाही नाही. हळूहळू हशा विरला. कुणीतरी खोकलं. आणि संदुकीवरचं यांचं वजन एकदम उठलं.

कडी निघाली. झाकण उघडलं तेव्हा यांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. मिशी अर्धी सुटून लोंबत होती. "अगं, आहेस ना?" हे पुटपुटले. मी उभी राहिले, श्वास घेतला आणि शेवटचं वाक्य म्हटलं. काय करणार, सवय! थिएटर कोसळेल की काय असं वाटलं.

आत गेल्यावर यांनी मला छातीशी धरलं. सुताराला तर असं झापलं की तो बिचारा रडकुंडीला आला. मला वाटलं, सुटले मी. आता तरी हे म्हणतील, पुरे. तेवढ्यात प्राध्यापक आत आले.

"ती शांतता!" ते म्हणाले. "हसता हसता लोकांना भीतीच्या काठावर नेऊन परत आणलंत. प्रहसनाचं सगळं सौंदर्य तिथे होतं. कुणाला सुचलं हे?"

हे माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी ओळखते.

"ठेवू या?" हे हळूच म्हणाले.

मी तोंडावरचा रंग पुसायला लागले. तोच यांनी होकार समजला.

काल खेळ होता. सुतारानं पट्टी काढली होती, फळीला साबणही चोळला होता. "मी कडीला हात लावेपर्यंत हूं की चूं करायचं नाही," यांनी बजावलं होतं. "मी ताणणार आहे. घाबरू नकोस."

टकटक झाली, हशा झाला. मग यांनी ते वाक्य टाकलं आणि मी गप्प राहिले. थिएटर गप्प झालं. हे वर बसून ती शांतता ताणत होते, चवीचवीनं, मला कळत होतं. मी फळी सरकवली. रांगत बाहेर आले. पाणी प्यायले नाही. मागच्या जिन्यानं उतरले, मोलकरणीच्या पातळात, तोंडाला रंग तसाच.

गल्लीत भिंतीला कान लावून उभी राहिले. आत अजून शांतता. मग कडीचा आवाज. आणि मग असा हशा उसळला की भिंत हादरली. रिकाम्या संदुकीलासुद्धा लोक हसले! फार लागलं ते मला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं आत बसले होते मी.

कोपऱ्यावर भाजीवाल्यानं मला पाहिलं आणि लागलीच पारड्यावर टकटक केलं. "कोण आहे आत?"

"कुणी नाही," मी म्हटलं. तो हसायला लागला. मी हसले नाही. बहिणीच्या गावाची बस कुठून सुटते ते त्याला विचारलं.