घटिकापात्र बुडेपर्यंत

उर्वशीला सकाळपासून राग आला होता, आणि तो काढायची सोय नव्हती. मांडीवर तान्ही लेक चिऊ दूध पीत होती. आईचा आवाज चढला की ती दचकून तोंड सोडायची आणि मग अख्खी वाळू डोक्यावर घ्यायची.

धरमपुरीच्या अलीकडे, नर्मदेच्या वाळूवर, उर्वशीच्या धाकट्या बहिणीचं, शिखाचं, लग्न होतं. धारचा हॉल नको आणि देवासचा तर मुळीच नको, हे शिखानंच ठरवलेलं. मांडव घरच्यांनी घातला. बांबू वाळूत उभे राहीनात, तेव्हा तेलाच्या डब्यांत दगड भरून त्यांत ते रोवले. तरी मांडव नवऱ्यामुलाच्या बाजूला कललाच. वरचं बाग गावचं छापील कापड तात्यांनी, म्हणजे वडलांनी, स्वतः मशीनवर शिवलं होतं. धारमधले सगळ्यात चोख शिंपी ते, पण लेकीच्या लग्नात एक पट्टी उलटी लागली आणि तिच्यावरची सगळी फुलं देठ वर करून लटकत होती. मनावर गावाहून आलेला नवरामुलगा अनीश स्वतः बाफल्यांच्या, उकडून भाजायच्या कणकेच्या गोळ्यांच्या, पातेल्याखाली फुंकर मारत होता आणि मुंडावळ्या जळतील म्हणून शिखा त्याच्यावर ओरडत होती. सगळे हसत होते. उर्वशी सोडून.

कारण मोरोपंत आले होते.

मोरोपंत म्हणजे उर्वशीच्या नवऱ्याचे काका, देवासचे. घराण्यात कधीकाळी दरबारी कारकुनी होती. ती गेली, पण हुकूम करायची सवय राहिली. रीत म्हणून पत्रिका पाठवली, तर ते कापडी पिशवीत तांब्याचं घटिकापात्र घेऊन हजर. बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी पाण्यावर सोडायची. चोवीस मिनिटांत ती भरून बुडते, आणि बुडाली की मुहूर्त.

"आमच्याकडचं एकही लग्न मनगटातल्या घड्याळावर लागलेलं नाही," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मग माईच्या, म्हणजे उर्वशीच्या आईच्या, हातातला कागद पाहून म्हणाले, "सरलाबाई, तुम्ही आपल्या नाश्त्याकडे बघा. मंगलाष्टकं आम्ही बघतो."

माईनं कागद घडी करून कमरेला खोचला. "जी," एवढंच म्हणाली.

चार वर्षांपूर्वी देवासच्या हॉलमध्ये अगदी हेच झालं होतं. लेकीसाठी माईनं स्वतः मंगलाष्टकं रचली होती. माईची शाळा हिंदी, बोलणं अर्धं मालवी. पण महिनाभर पिकोच्या मशीनवर पाय मारता मारता ती शब्द जुळवत होती. पहिल्याच कडव्यात मोरोपंतांनी हात वर केला होता. "हे मराठी आहे की काय आहे? थांबवा." लोक हसले होते. आणि अंतरपाटामागे हार धरून उभी असलेली उर्वशी गप्प राहिली होती. नव्या नवरीनं काय बोलायचं, असं तेव्हा तिला वाटलं. पुढे वर्षभर तिला मोरोपंतांचा राग येत राहिला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

आज माईनं म्हणायचंच, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. आणि आजही "जी" ऐकून ती गप्प राहिली होती, कारण चिऊ पीत होती. ही सबब आहे हे तिला कळत होतं, म्हणून तर ती जास्तच धुमसत होती.

"घंगाळात कॅनचं पाणी?" मोरोपंत ओरडले. "समोर नर्मदामाई वाहतेय आणि तुम्ही प्लास्टिकचं पाणी ओतता? नदीचं आणा!"

नदीचं आणलं. गढूळ, काठचं, घाईघाईत भरलेलं. अकरा वाजता वाटी सोडली. अकरा चोवीसचा मुहूर्त.

अंतरपाट धरला. धरमपुरीच्या तरुण गुरुजींनी सुरुवात केली. त्यांना पाच मंगलाष्टकं येत होती, ती झाली. मोरोपंतांनी आपली चार म्हटली. अकरा चोवीस झाले, सव्वीस झाले. वाटी अर्ध्यावर तरंगत होती.

"भिया, मोबाईलमध्ये तर टाइम हो गया," गुरुजी हळूच तात्यांना म्हणाले.

"मोबाईल खिशात ठेवा!" मोरोपंत कडाडले. "पात्र बुडेपर्यंत 'सावधान' नाही. म्हणत राहा."

"काका, मला येत होती तेवढी झाली," गुरुजी म्हणाले.

मोरोपंतांनी स्वतःच सुरू केलं, पण वाऱ्यानं वाळू घशात गेली आणि खोकल्यात शब्द बुडाले. वाटी तरंगतच राहिली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. अशा वेळी शांतता बरी नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक. माना इकडून तिकडे वळू लागल्या.

उर्वशी उठली. चिऊला नवऱ्याच्या हातात दिलं. चिऊनं भोकाड पसरलं, तरी ती थांबली नाही.

"माई, कागद काढ. म्हण."

"उर्वशी," मोरोपंत खोकल्यातून म्हणाले, "मागच्या वेळचा तमाशा पुन्हा..."

"मागच्या वेळी मी अंतरपाटामागे होते, काका. आज नाहीये." तिचा आवाज पार नदीपर्यंत गेला. "शांतता चालत नाही ना तुम्हाला? मग ऐका."

माईनं कागद उघडला. आवाज कापत होता, चाल कधीच सुटली होती.

"शिखा आमची चिडकी मोठी, पण भाकर गोल करते,
अनीश भिया, जपून रहा, ही रुसली की छतपे बसते,
कुर्यात् सदा मंगलम्!"

अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी हसू फुटलं. "जावयाला भिया! भाऊ म्हणायचं जावयाला!" मोरोपंत पुटपुटले. पण थांबवणार कसे? वाटी बुडाली नव्हती, आणि नियम त्यांचाच होता.

दुसरं कडवं. तिसरं. माईचा आवाज बसायला लागला, म्हणजे जागेवर बसायला लागला. तात्या अंतरपाट धरल्याधरल्या मान डोलवू लागले.

डोळ्यांत गेलेल्या वाळूनं मोरोपंतांना धड दिसत नव्हतं. "बघ गं, किती राहिलंय?" त्यांनी विचारलं.

उर्वशी घंगाळावर वाकली. वाटीच्या भोकात हिरव्या शेवाळाचा धागा अडकला होता. नखानं काढला असता तर तेवढ्यात निघाला असता. तिनं माईकडे पाहिलं. कागदाचं पान आता कुठे उलटत होतं.

"अजून आहे, काका," ती म्हणाली.

माईनं सातही कडवी म्हटली. शेवटचं दोनदा म्हटलं, कारण शिखा अंतरपाटामागून ओरडली, "माई, वन्स मोअर!" मग उर्वशीनं पाण्यात बोट घातलं. वाटी गटगट भरली आणि बुडाली.

"सावधान!" गुरुजी सुटल्यासारखे ओरडले. अक्षता उडाल्या, त्यातल्या निम्म्या वाऱ्यानं परत तोंडावर आल्या.

गडबड ओसरल्यावर मोरोपंतांनी तिचा हात धरला. नखाला शेवाळ होतं. "तू बघितलं होतंस."

"हो."

"मुहूर्त घालवलास! मुद्दाम!"

"घालवला. पाणी तुम्ही आणवलंत, थांबायचं तुम्ही सांगितलंत. मी फक्त माझ्या आईला मध्येच तोडलं नाही. माझ्या लग्नाचा मुहूर्त तुम्ही अगदी सेकंदावर साधलात, काका. आई कुठे होती तेव्हा? किचनमध्ये, रडत."

मोरोपंतांनी तिचा हात सोडला. मग पाहुण्यांना वाळूवर घेऊन आलेल्या ट्रॅक्टरकडे ते चालू लागले, जेवायलाही न थांबता.

माई धावत आली. "पागल झालीस का? सासरचं माणूस आहे ते! जा, माफी माग."

"नाही मागणार."

"उर्वशी."

"नाही मागणार, माई. आज नाही, उद्या नाही."

माईनं एक पत्रावळ उचलली आणि मोरोपंतांच्या पाठीकडे पाहिलं. मग तीच उर्वशीच्या हातात दिली, वर तुपात बुडवलेला बाफला ठेवला आणि रडून लाल झालेल्या चिऊला आपल्या खांद्यावर घेतलं.

"मग नको मागूस," ती म्हणाली. "पण जेव आधी. सकाळपासून उपाशी पाजते आहेस पोरीला."