अर्धशिशीचा हेवा

सकाळचे दहा वाजले होते आणि आशाच्या खोलीचं दार अजून बंदच होतं. शहागंजाच्या मागच्या गल्लीतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात बंद दार ही काही साधी गोष्ट नव्हती. खिडकीवरसुद्धा आतून घोंगडी लावलेली. थोरली सून वच्छलाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या आणि आज त्यांचा हात परातीत जरा जास्तच जोरानं पडत होता.

"निजलीय का आजारी हाय?" त्यांनी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या सासूला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं.

"डोकं धरलंय म्हणती," साळूबाई म्हणाल्या.

"डोकं काय तिला एकटीलाच हाय व्हय?"

जावाजावांत हेवा व्हायचा तो साडीवरून, दागिन्यावरून, नाहीतर सासू कुणाच्या पोराला तूप जास्त वाढते यावरून. वच्छलाबाईंना धाकटीचं यातलं काहीच नको होतं. त्यांचा जीव जळत होता तो त्या बंद दारापायी. दाराआड एक बाई दिवसाउजेडी आडवी पडली होती आणि घरातलं कुणी तिला उठवत नव्हतं. एवढं सुख आपल्या वाट्याला एक तासभरही आलं नाही, हे त्यांना राहून राहून आठवत होतं, आणि आठवलं की भाकरी करपत होती.

कारण वच्छलाबाईंचंही डोकं दुखत असे. बावीस वर्षं दुखत होतं.

पैठणजवळच्या खेड्यातून लग्न होऊन त्या आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. दुसऱ्याच वर्षी सुरू झालं. आधी डोळ्यांपुढं काहीतरी वेडंवाकडं चमकायचं, मग उजव्या कानशिलात ठोके, मग उलटी. उजेड सोसायचा नाही आणि फोडणीचा वास तर नाहीच नाही. साळूबाईंनी एकदा पाहिलं आणि आपल्या भावाला निरोप धाडला. आप्पासाहेब शेतकरी माणूस, पण अर्धशिशीवर डाग देण्यात त्यांचा हात सगळ्या पंचक्रोशीत मानलेला. त्यांनी लोखंडी सळई लाल केली आणि चार बायकांनी धरून ठेवलेल्या त्या पोरीच्या कानशिलावर दोन डाग दिले. पंधरा दिवसांनी डोकं पुन्हा उठलं. तेव्हा ती पोर एकच गोष्ट शिकली, की आता सांगायचं नाही. सांगितलं तर सळई परत तापेल. मोरीवर जाऊन उलटी करायची, चूळ भरायची आणि चुलीपुढं येऊन बसायचं. घराला वाटलं, गुण आला. आप्पासाहेबांना वाटलं, गुण आला. त्यानंतर ज्या ज्या घरी ते डाग द्यायला गेले, तिथं आमच्या वच्छलेला कसा कायमचा उतार पडला हे सांगूनच त्यांनी सळई उचलली.

आशा जालन्याची, मॅट्रिक झालेली. वच्छलाबाईंचा धाकटा दीर सांडू चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता. माघात लग्न झालं आणि पाचव्या महिन्यात तिचं डोकं पहिल्यांदा धरलं, तेव्हा त्यानं तिला सायकलवर मागं बसवून सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. शेजारची शमशाद तिथंच आया होती. तिनंच ओळखीच्या डॉक्टरीणबाईंपुढं दोघांना उभं केलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते अगदी साधं होतं. हा मेंदूतल्या नसांचा आजार आहे, सोंग नव्हे आणि बाहेरचंही काही नव्हे. पोट रिकामं राहू द्यायचं नाही. पाणी भरपूर, झोप वेळेवर, उन्हात डोकं उघडं नको. ठोका सुरू झाल्याबरोबर गोळी घ्यायची, दुखणं शिगेला जाईपर्यंत थांबायचं नाही. मग अंधारात पडायचं, कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवायची, मळमळलं तर आल्याचा चहा. मात्र आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त गोळी नको, नाहीतर गोळीपायीच डोकं दुखायला लागतं. कधी दुखलं आणि त्याआधी काय झालं, हे वहीत लिहून ठेवायचं.

आशानं सगळं पाळलं, आणि त्यातल्या पहिल्याच गोष्टीनं घर पेटलं. या घरात आधी पुरुष जेवत, मग पोरं, मग सासू. सुनांची ताटं लागायला दुपारचे दोन वाजत. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी हे उपास वेगळे. देव उपाशी बाईवर प्रसन्न होतो असं ज्यांनी ठरवलं, ते स्वतः दहाच्या ठोक्याला पाटावर बसत, हे मला लिहिलंच पाहिजे. आशा सकाळी आठला, कुणाच्याही आधी, अर्धी भाकरी खाऊ लागली. वच्छलाबाई ते पाहायच्या आणि त्यांच्या रिकाम्या पोटात आग पडायची. त्या आगीला त्यांनी धर्माचं नाव दिलं. म्हणायच्या, "आमच्या वक्ताला असं नव्हतं."

शमशादनं एकदा नळावर त्यांना धरलंच. "वच्छलाबाई, तुमकू भी होता ना? मैं कित्ते बार देखी तुमकू मोरी पे. चलो ना मेरे संगात. मुंह बंद रखे तो डॉक्टर कू क्या समजता?"

"मला काय धाड भरलीय?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मी काय तिच्यासारखी नाजूक नाय."

घागर उचलून त्या तरातरा निघाल्या. उभ्यानं सोसलं, कधी पडून राहिल्या नाहीत, एवढीच त्यांची मिळकत होती. दुखणं गोळीनं बरं होण्यासारखं होतं हे कबूल करायचं, तर मग बावीस वर्षं सोसलं ते कशासाठी, हा प्रश्न उभा राहत होता. त्यापेक्षा धाकटीचा राग करणं सोपं होतं.

हरतालिका आली. आशा सासूला म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरीणबाईंनी उपाशी राहू नका म्हणून सांगितलंय. मी दूध, केळी घेऊन करते."

साळूबाई बहुधा हो म्हणाल्या असत्या. पण त्यांच्याआधी वच्छलाबाई बोलल्या, "पहिल्या सालाची हरतालिका आन् दूध पिऊन? नवऱ्याच्या जिवापरीस डोकं मोठं झालं का?"

यावर नवी सून काय बोलणार? तिनं पाण्याचा थेंबही घेतला नाही. सांडू पहाटेच पहिल्या पाळीला गेला होता, तो चारशिवाय येणार नव्हता. वच्छलाबाईंचा नवरा कडूबा शहागंजातल्या कापडाच्या दुकानात होता, आणि सणाच्या तोंडावर त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. अकराच्या सुमारास वाळूच्या पिंडीपुढं बसल्या जागी आशाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंत धरत ती खोलीत गेली, कोनाड्यात हात घातला. गोळ्यांचं पाकीट तिथं नव्हतं.

"आक्का, माझ्या गोळ्या बघितल्या का तुम्ही?"

"मी कशाला बघू तुझ्या गोळ्या?"

पाकीट त्याच सकाळी वच्छलाबाईंनी ज्वारीच्या कोठीत खोल खुपसलं होतं. आता बघू कशी निजती, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं.

नेमके त्याच दुपारी आप्पासाहेब पैठणहून एस.टी.नं गणपतीसाठी येऊन पोचले. पाय धुवून टेकतात न टेकतात तोच वच्छलाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "मामा, धाकटीलाबी अर्धशिशी हाय. मला दिला तसा तिलाबी द्या की डाग."

आप्पासाहेबांनी बहिणीकडं पाहिलं. "द्या," साळूबाई म्हणाल्या. "लेकरू तडफडतंय. एकदाचं जाऊ दे." त्या माउलीच्या मनात पाप नव्हतं. पाप नसताना माणसं एवढं करतात, याचंच मला भय वाटतं.

चुलीत सळई घातली गेली. खोलीत आशानं दोनदा ओकारी काढली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पित्त पडलं. वच्छलाबाईंनी ते पुसून काढलं, मोरीवर हात धुतले. तेवढ्यात आप्पासाहेब लाल सळई फडक्यात धरून दारात आले. आशानं डोळे किलकिले करून पाहिलं.

"नका हो मामा," ती म्हणाली. उठून बसायलासुद्धा तिला जमलं नाही.

"वच्छले, डोकं धर तिचं," सासू म्हणाली. "हलू देऊ नको."

वच्छलाबाई खाली बसल्या. त्यांनी आशाचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही कानशिलांवर तळवे दाबून धरले. उजव्या तळव्याखाली ठोके पडत होते. हे ठोके त्यांना पाठ होते. आजवर ते आतून ऐकले होते, बाहेरून कधी हाताला लागले नव्हते.

आशानं डोळे मिटून घेतले. दुखण्याच्या गुंगीत तिला वाटलं, जाऊबाई डोकं चेपायला आल्या.

"आक्का, तुमचा हात गार हाय," ती पुटपुटली. "असाच ठेवा. लई बरं वाटतंय."

बावीस वर्षांत वच्छलाबाईंच्या डोक्यावर एकदाच कुणी हात ठेवले होते, आणि ते हलू नये म्हणून. गार तळवा कपाळावर कसा लागतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि या पोरीला ते बरं वाटत होतं म्हणून या क्षणीसुद्धा त्यांना तिचा हेवा वाटला. पण हात मात्र निघेना.

"मामा, सळई बाहेर न्या."

"आगं, निवतीय ती. धर नीट."

"नाय धरणार. आन् तुमाला देऊबी देणार नाय."

"तुला गुण आला का नाय?" साळूबाई चिडल्या. "मग तिला नको का?"

"मला गुण आला नव्हता, आत्याबाई." वच्छलाबाईंचा आवाज चढला नाही. "पंधरा दिसांत परत दुखलं. आजबी दुखतंय. गेल्या सोमवारी पुरणाचा कट करताना दोनदा मोरीवर जाऊन आले. तुमी परत डाग द्याल म्हणून बोलले नाय."

आप्पासाहेबांच्या हातातली सळई काळी पडत चालली होती.

"बावीस वर्सं मी तुझं नाव सांगत आलो," ते अखेर म्हणाले. "तीसेक बाया झाल्या आसतील. वच्छीला उतार पडला, तुमालाबी पडंल, आसं सांगून दिला."

"व्हय. त्यांनीबी माझ्यासारखंच तोंड मिटलं आसंल."

त्यांनी आशाचं डोकं हळूच उशीवर ठेवलं, कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्या मीच लपवल्या होत्या. ही निजायची आन् मी भाकरी थापायची, मला बघवत नव्हतं." मग त्यांनी आशाला बसतं केलं, गोळी दिली, वर पाणी पाजलं.

"उपास मोडला तिचा," सासू म्हणाली.

तांब्यात पाणी उरलं होतं. वच्छलाबाईंनी तो तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला.

"माझाबी मोडला," त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. साळूबाई तणतणत उठल्या आणि त्या दिवशी पोरांसाठी भाकरी त्यांनीच थापल्या. आप्पासाहेबांनी सळई पाण्यात विझवली. पुढं कितीजणांनी बोलावलं, पण त्यांनी ती परत हातात धरली नाही.

गणपती गेल्यावर वच्छलाबाई आशाबरोबर दवाखान्यात गेल्या. सांडूनं थोरल्या भावाला दुकानातून सुट्टी घ्यायला लावली, म्हणून कडूबाही बरोबर होता. डॉक्टरीणबाईंनी आशाची वही पाहिली. महिन्याला पाच-सहा वेळा दुखायचं ते दोनावर आलं होतं. हे ऐकून वच्छलाबाईंच्या काळजात पुन्हा कळ आली. धाकटीचे सगळे मिळून चार महिने गेले होते आणि त्यांची उमर गेली होती. हा हेवा कुठल्या गोळीनं जाईल असं मला वाटत नाही, आणि जावा असंही मी म्हणणार नाही.

त्यांचा रक्तदाब मोजला, दमा आहे का विचारलं. दुखणं वरचेवर येऊ नये म्हणून काही महिने रोज घ्यायची एक लहान गोळी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली. "आणि सकाळी उठल्यावर तासाभरात खायचं," त्या म्हणाल्या. "घरात कुणी जेवलेलं असो नसो. किती वर्षांपासून दुखतंय?"

"बावीस."

लिहिता लिहिता त्या थांबल्या. "घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

दाराशी पिशवी घेऊन उभा असलेला कडूबा दोन पावलं पुढं आला. आपण काही गैर बोलतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. अगदी खरं तेच तो सांगत होता.

"मला वाटायचं डॉक्टरीणबाई, हिचा स्वभावच चिडका हाय."

वाचकहो, कडूबाला हसू नका. तुमच्याही घरात कुणीतरी कपाळाला आठ्या घालून तुम्हाला वाढत असेल. आज ताटावर बसण्याआधी तिला विचारा, कुठं दुखतंय. ती म्हणेल, कुठं नाही. तरी पुन्हा विचारा.