चौदा फिती

इतिहासकार बाईंनी पाठवलेलं आपल्या पुस्तकातलं प्रकरण छोटीने जेवणाआधी सहज चाळायला घेतलं आणि जेवण राहूनच गेलं. छोटीचं वय आता चौऱ्याहत्तर. चंद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या मोठ्या अँटेनाच्या केंद्रात ती नोकरीला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून फितींचे भांडारपाल असलेल्या दादांनी तिला छोटी म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं ते चिकटलंच.

सहाव्या पानावर लिहिलं होतं : 'चांद्रमोहिमेच्या या चौदा मूळ फिती भांडारपालाच्या चुकीमुळे पुसल्या गेल्या. पुसण्याच्या यादीवर त्यांची सही आहे.' सोबत चिठ्ठी होती. दुरुस्ती असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावी, नंतर पुस्तक छपाईला जाईल.

आज गुरुवार होता. छोटीने ते वाक्य तीनदा वाचलं. एकेक शब्द तपासायची तिची जुनी सवय, आणि त्या वाक्यात दोन शब्द खोटे होते. ते खोटे आहेत हे जगात तिला एकटीला माहीत होतं.

चंद्रावर माणसं सहा वेळा उतरली. पहिल्या वेळी सगळं जग पडद्याला डोळे लावून बसलं होतं. छोटी कामाला लागली तेव्हा शेवटच्या काही मोहिमा चालू होत्या आणि लोकांना चंद्राचा कंटाळा आला होता. केंद्राच्या उपाहारगृहात रेडिओवर सामन्याचं वर्णन चाले आणि आतल्या खोलीत दोन माणसं चंद्रावर दगड गोळा करत. छोटी त्या खोलीत फिती चढवायची. शेजारच्या वीतभर पडद्यावर चित्र काचेसारखं स्वच्छ दिसायचं. घरोघरी पोचेपर्यंत ते धुरकट होई. स्वच्छ चित्र फक्त त्या फितींवर होतं.

मग मोहिमा संपल्या. दहा वर्षांनी आकाशात हवामानाचे उपग्रह वाढत गेले, त्यांना फिती पुरेनात, आणि वरून जुन्या फिती पुसायच्या याद्या येऊ लागल्या. नियम कडक होता. एकाने पेटीवरचा क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादीवर खूण करायची, मग अदलाबदल करून तेच पुन्हा. शेवटी दोघांच्या सह्या. पुसायचं यंत्र टेबलाएवढं होतं. त्याच्याजवळ जाताना मनगटावरचं घड्याळ काढून ठेवावं लागे, नाहीतर त्याच्या चुंबकाने ते कायमचं बंद पडे.

त्या चौदा फिती गेल्या त्या दिवशी दादा नव्हते. त्यांच्या बायकोची शस्त्रक्रिया होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी यादीवर सही करून ठेवली आणि म्हणाले, "यादी सरळ आहे, छोटी. उद्या कुणालातरी वाचायला घे." तिने कुणालाच घेतलं नाही. सगळे कामात होते आणि तिला लवकर घरी जायचं होतं. आठवडाभरापूर्वी छत गळलं म्हणून पेट्या एकेक फळी खाली सरकवल्या होत्या, पण फळ्यांवरच्या क्रमांकांच्या पट्ट्या तशाच राहिल्या होत्या. छोटीने पेट्या वाचल्या नाहीत, पट्ट्या वाचल्या.

सातवी पेटी उचलताना झाकणावरची चांद्रमोहिमेची तारीख तिच्या नजरेस पडली. अक्षर तिचंच होतं.

एवढंच सांगायचं असतं तर कदाचित तिने दादांना आजवर कधीतरी सांगूनही टाकलं असतं.

त्याच दुपारी ती दादांकडे गेली. दार त्यांच्या सुनेने उघडलं. "या मावशी. सकाळपासून तुमचीच आठवण काढतायत."

दादा खिडकीशी खुर्चीत बसले होते. अठ्ठ्याऐंशी वय, नजर अधू, पण जीभ शाबूत. मांडीवर तेच प्रकरण होतं.

"ये, छोटी. वाचलंस का? सूनबाईने वाचून दाखवलं मला. जन्मभर नाकासमोर चाललो तेव्हा कुणी विचारलं नाही. एक घोडचूक केली आणि पुस्तकात आलो."

"बाबा, त्यात नाव नाही तुमचं. नुसतं भांडारपाल लिहिलंय," सून म्हणाली.

"मग कळवू की त्यांना. चूक करायची आणि नावही नाही, हा कुठला न्याय?"

छोटीला हसू आलं नाही. ती समोरच्या स्टुलावर टेकली. "दादा, तुम्ही त्या बाईंना काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. सही माझी आहे. त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नव्हतं, हिच्या आजारपणाने. कधी वाचलं, कसं वाचलं, काही आठवत नाही. पण सही आहे ना? मग चूक माझी."

"तुमची नाही."

"उगाच सावरून घेऊ नकोस."

"दादा, ती चौदा फितींची ओळ तुमच्या सहीच्या वर मी नंतर टाइप केली."

सून चहाचे कप घेऊन येत होती ती दारातच थांबली.

छोटीने सांगायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं मनात घोकलेल्या वाक्यांपैकी आयत्या वेळी एकही कामाला आलं नाही. पट्ट्यांचं सांगितलं, छताचं सांगितलं. छताचं सांगताना आपण अजूनही आडोसा शोधतोय हे तिच्या ध्यानात आलं.

"म्हणजे चुकून झालं," दादा म्हणाले.

"सहा चुकून पुसल्या."

"आणि आठ?"

छोटीने मान खाली घातली. "सातवीवर तारीख दिसली. थांबले असते तर आठ वाचल्या असत्या. पण अर्धा संच फळीवर राहिला असता तर कुणीतरी विचारलंच असतं की बाकीच्या कुठे गेल्या. सगळाच गेला तर कुणी विचारणार नव्हतं. म्हणून उरलेल्याही पुसल्या. एकेक करून. तासभर लागला. मग यादीत त्यांचे क्रमांक घातले."

सुनेने कप टेबलावर ठेवले आणि ती भिंतीशी उभी राहिली.

"हिला मी सांगितलं होतं," दादा म्हणाले. हिला म्हणजे बायकोला. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. "तुझ्या काळजीत माझ्या हातून असं झालं म्हणून. ती मनाला लावून घ्यायची. टीव्हीवर चंद्राचं काही लागलं की उठून आत जायची. माझ्यामुळे गेल्या त्या फिती, म्हणायची. मी आपला समजूत घालत बसायचो."

माफ करा, हे शब्द छोटीच्या ओठांवर आले, पण इतके हलके वाटले की तिने ते गिळले.

"सहांचं मी समजू शकतो," दादा म्हणाले. "आठांचं नाही समजत. आणि समजून घ्यायची माझी इच्छाही नाही. लाव फोन त्या बाईंना. इथेच, मला ऐकू येईल असा."

छोटीने फोन लावला आणि आवाज मोठा केला. इतिहासकार बाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकलं. मग विचारलं, "मॅडम, आठ फिती जाणूनबुजून, असंच लिहू?"

"असंच लिहा."

"तुमच्या नावानिशी?"

"हो. आणि दादांचं वाक्य काढा. आजच."

"काढते." बाई म्हणाल्या, "एक विचारू? ते चित्रण होताना समोर तुम्हीच होतात ना? त्या आठांवर काय होतं, सांगता येईल? तसं स्वच्छ आता दुसरीकडे कुठेच नाही ते."

छोटीने दादांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता. "सांग," ते म्हणाले. "तेवढं तरी कर."

तिने डोळे मिटले. एक जण उतारावरून खाली येत होता. उड्या मारल्यासारखा, पण सावकाश. त्याच्या बुटांमागे धूळ उडाली आणि हवा नसल्यामुळे न तरंगता तशीच खाली पडली. दुसरा दगड उचलायला वाकला आणि तोल जाऊन हातांवर पडला. पहिला हसला. मग दोघांनी मिळून तो दगड पिशवीत टाकला. सावल्या लांब होत्या, काळ्याभोर, कडा सुरीने कापल्यासारख्या.

ती थांबली. पलीकडे पेनची खरखर थांबली.

"पुढे?" बाईंनी विचारलं.

छोटीने आठवून पाहिलं. आठ फिती, तासन्तास चाललेलं चित्रण, आणि ती सगळा वेळ त्या पडद्यासमोर बसलेली. बऱ्याचदा तिचं लक्ष फितीच्या चाकाकडे असे, कधी घड्याळाकडे.

"पुढचं नाही आठवत," ती म्हणाली. "मला एवढंच आठवतं."